कोचकोरच्या राउटरवर आलेला आळ

मित्रांनो, चालतो तोवर ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही आणि अडला की ज्याला पहिली चापट बसते, असा मी एक जुना राउटर आहे. माझं सगळं काम तारेवरचं. कारखान्यातून निघालो तो थेट किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावी, झिपारच्या घरी आलो. तिचा नवरा तालाय रशियात गवंडीकाम करायचा. रोज संध्याकाळी त्याचा चेहरा मी तिच्या संगणकावर आणून द्यायचो. झिपार मला गुणाचा म्हणायची.

त्यांच्या मुलीला पहिल्यांदा बेशिकमध्ये, म्हणजे पाळण्यात, निजवायचा दिवस ठरला. तालायला रजा मिळाली नाही, म्हणून तो संगणकावरून सोहळा पाहणार होता. सकाळी त्याचे थोरले भाऊ मामबेताली आले. इंटरनेटचा वेग वाढवतो म्हणाले आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये त्यांनी आपल्या कचेरीतल्या संगणकाच्या इंटरनेट-पत्त्याचे आकडे भरले. इंटरनेट बंद पडलं.

आणि दोषी कोण? मी! मामबेतालींनी मला थोबाडलं, माझ्या तारा उपटल्या आणि मला खिडकीत टाकून दिलं. शेजारून अगदी माझ्यासारखाच दुसरा राउटर आणून जोडला. तोही चालेना. मग त्यांनी झिपारवर तोंड सोडलं, की तूच काहीतरी दाबलं असशील. ती पाहुण्यांसाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत राहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता, पण मला तोंड कुठे आहे?

बाळ पेंगुळलं. आता थांबता येणार नाही, असं सासूबाईंनी सांगितलं. बायकांनी गाणी म्हणत मुलीला पाळण्यात निजवलं. तिकडे तालाय काळ्या पडद्यापुढे बसून होता.

पाहुण्यांना चहा देऊन झिपार हात पुसत संगणकापाशी आली.

"भाऊजी, दोन राउटर एकाच सकाळी कसे बिघडतील?"

"तुला त्यातलं काय कळतं गं?"

"आज तुम्ही कशाला हात लावलात, तेवढं कळतं."

तिने सेटिंग उघडली. माझ्या पोटावरच्या चिठ्ठीतला पत्ता एक, आणि संगणकात भरलेले आकडे भलतेच. तिने ते पुसले, संगणकाला पत्ता आपोआप घ्यायला लावला आणि शेजाऱ्यांचा राउटर काढून मला जोडलं. पडद्यावर तालाय उमटला. त्याचे डोळे लाल झाले होते. मुलगी केव्हाच झोपी गेली होती.

कशाने अडलं होतं, असं त्याने विचारलं. मामबेताली लगेच म्हणाले, "अरे, तुझा हा डबा म्हातारा झालाय."

झिपारने माझ्यावर हात ठेवला. "याच डब्यातून बोलताय तुम्ही, भाऊजी. आकडे तुम्ही बदललेत."

मामबेताली पडद्यापुढे येऊन बसले. मग त्यांनी भावाची क्षमा मागितली. झिपारची नाही. माझी तर नाहीच.

मित्रांनो, आमची निगा राखा म्हणजे नुसती धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. काही बिघडलं तर आधी आपण स्वतः काय बदललं ते आठवा, मग हात उगारा. दूर देशीचा माणूस मी क्षणात घरात आणून देतो, पण होऊन गेलेला सोहळा परत आणील अशी तार कुठल्याच राउटरला नसते.