चव बघणारा झिपरू

जैनांच्या संवत्सरीच्या, म्हणजे क्षमा मागण्याच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नेमीचंदशेठच्या मोबाइलवर क्षमेचे एकशेबारा निरोप आले होते. नातू संयमनेही पुण्याहून हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं, तेही घरच्या ग्रुपवर. वर्षभर कोणी कोणाला दुखवणार तरी कसं, भेटलं तर ना! बायको, सुगनबाई, गेल्यापासून पारोळ्याच्या त्या तीनमजली घरात शेठशी भांडायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं.

त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला, काठी घेतली आणि झिपरूच्या घराची वाट धरली. गेली बारा वर्षं ते दर संवत्सरीनंतर असेच निघत आणि कोपऱ्यावरून मागे फिरत. आज मात्र क्षमा मागायचीच होती. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षाचा काय भरवसा?

शेठचा जर्दा एके काळी धुळ्यापासून रावेरपर्यंत खपायचा. घरात मात्र तंबाखू न खाण्याची पिढीजात शपथ. मग नव्या मालाची चव बघणार कोण? कारखान्यातला झिपरू. रोज सकाळी तो चिमूटभर जर्दा तोंडात धरायचा, डोळे मिटायचा आणि “झकास शे, शेठ” म्हणायचा. मगच पुड्या भरल्या जायच्या. असं बावीस वर्षं चाललं. मग डॉक्टरांनी त्याचा जबडा काढला, आणि वर्षभरात झिपरूही गेला.

त्याची बायको लिलाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

“या शेठ, बठा.”

शेठ बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, “लिलाबाई, कळत-नकळत माझ्याकडून काही चुकलं असेल, तर क्षमा करा.”

लिलाबाईचा हात थांबला. “कळत का नकळत? येक सांगा.”

“नकळत,” शेठ घाईघाईने म्हणाले.

“मंग तुम्ही सोता चव का बरं नही देखी?”

शेठचे जोडलेले हात खाली आले. लिलाबाईने पुन्हा शेंग उचलली.

“चहा लेतस का?”

त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

घरी आले, तर मोबाइलवर आणखी चाळीस निरोप येऊन पडले होते. त्यांनी ते उघडलेही नाहीत. सुगनबाईच्या फोटोसमोर उभे राहून ते मोठ्याने म्हणाले, “कळत.” रिकाम्या घरात तो आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि त्यांना फार एकटं वाटलं. जिने ऐकायला हवं होतं, ती दोन गल्ल्या पलीकडे शेंगा फोडत होती.