पेडलवरचा पाय

कुकरची शिट्टी झाली तशी मी दचकले. माझी लेक लुसेरो दुपारची झोपली होती आणि मी जेवणाच्या टेबलावर, आवाज बंद ठेवून, सकाळच्या चाचणीचा व्हिडिओ पुन्हा पाहत होते. गॅस बारीक केला, आत डोकावले. पोरीने फक्त कूस बदलली.

मणक्यात स्क्रू नेमका कुठे जातोय ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. उद्या चढउतारांच्या मेडेयीन शहरातल्या आमच्या इस्पितळात ते पहिल्यांदा खऱ्या माणसावर वापरायचं होतं, आणि ते माणूस म्हणजे लुसेरोच्या बालवाडीतल्या योलिमाबाई. यंत्र वापरताना माणसाचा हात कुठे चुकू शकतो, हे शोधणं माझं काम. मी होकार दिला की सुरुवात.

व्हिडिओत डॉक्टर एवेलिओ प्लॅस्टिकच्या मणक्यावर वाकले होते. मदतनीसाचं कोपर लागलं आणि यंत्र जिच्यावरून जागा ओळखतं ती खूण हलली. पडद्यावर पिवळी पट्टी आली, ‘पुन्हा जुळवा’. लगेच गेलीही. कुणी वाचलीसुद्धा नाही. मी व्हिडिओ मागे नेला आणि या वेळी टेबलाखाली पाहिलं. डॉक्टरांचा पाय पेडलवर टेकलेला. पेडल दाबलं की इशारा मिटतो. पुढचा स्क्रू मज्जारज्जूकडे सरकला, पडदा मात्र सगळं ठीक दाखवत होता.

मी फोन लावला. "डॉक्टर, तुमचा पाय सबंध वेळ पेडलवर होता."

"मग? या चढांवर गाडी चालवतो मी. क्लचवरून पाय काढला तर मागच्याच्या बॉनेटवर जाऊन बसेन."

"इथे तुम्ही इशारा पुसलात. स्क्रू आत गेलाय."

ते म्हणाले, "उद्या पाय लांब ठेवतो. झालं?"

"शेवटच्या स्क्रूला, दमल्यावरही?"

"इंजिनिअरबाई, योलिमाला उभं राहवत नाही. यंत्राशिवाय तो मणका मी उघडणार नाही. पेडल बदलून यायला महिने जातील. तिला कोण सांगणार?"

"मी सांगते. माझा होकार नाही."

मग योलिमाबाईंना फोन लावला आणि उद्याचं ऑपरेशन होणार नाही म्हणून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "बरं गं, बाळा," म्हणाल्या आणि बसायला जागा शोधत असाव्यात, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

फोन ठेवला तर दारात लुसेरो, गालावर उशीचे वळ.

"मम्मी, बाईंना नाही म्हणालीस?"

"त्यांना इजा झाली असती, राणी. आधी यंत्र नीट करायचंय."

तिने थोडा विचार केला. "मग तोवर त्यांची पाठ दुखली की त्यांनी काय करायचं?"