उजवं आकाश, डावं आकाश

आकाशालाही डावा आणि उजवा हात असतो, हे सनातन सत्य शकुनगुरूंनी जगासमोर मांडलं. गुरूंनी पाठ फिरवली की आकाशाचे हात बदलतात, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

दर शुक्रवारी बाजारामागच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारी पांढरी चादर, आणि टेबलामागे गुरू. त्यांच्या उजव्या अंगाला लांबवर गिरणीची चिमणी, डाव्या अंगाला पाण्याची टाकी. माणसाने प्रश्न विचारायचा, गुरूंनी डोळे मिटून चादरीखाली हात घालायचा, कबूतर काढायचं आणि सोडायचं. चिमणीकडे गेलं तर होकार, टाकीकडे गेलं तर नकार.

"माणूस खोटं बोलतो," गुरू सांगत. "यंत्र खोटं बोलतं. रक्ताचा रिपोर्ट दोन लॅबमध्ये दोन येतो. पंख खोटं बोलत नाहीत."

गर्दी माना डोलवी. त्यात वकील होते, बँकेतले साहेब होते, आणि ज्यांचे रिपोर्ट वाईट आले होते ते तर झाडून सगळे होते.

गुरूंच्या मागे पाण्याचा पेला घेऊन एक सेवेकरी बाई उभ्या असत. एरवी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. गेल्या वर्षी एका शुक्रवारी त्यांच्या ताईच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करा. भावोजी ताईला रिक्षात घालून आधी इथे आले. कबूतर टाकीकडे गेलं.

"शस्त्र वर्ज्य," गुरू म्हणाले. "टाकीजवळच्या दुकानात औषध मिळेल."

दुकान गुरूंच्या मेहुण्याचं. ताईने अर्धी बाटली संपवली. उरलेली अर्धी संपवायला ती राहिली नाही.

बाईंनी रडून घेतलं आणि मग डूख धरला. गर्दीत उभं राहून बघताना लोकांची एक खोड त्यांच्या ध्यानात आली. कबूतर उडालं की सगळे क्षणभर वर बघत आणि लगेच मान खाली करून गुरूंच्या तोंडाकडे बघत. कबूतर पुढे कुठे जातं, हे कुणी बघतच नसे. बाईंनी स्कूटर काढली आणि बघितलं. टाकीकडचं कबूतर मेहुण्याच्या दुकानावरच्या ढाबळीत उतरलं. चिमणीकडचं उतरलं गुरूंच्या जुन्या घरावर, तिथेही कबुतरांची ढाबळ होती. पाळलेलं कबूतर कुठूनही सोडा, ते आपल्या घरी जातं. हे तर त्या सातवीला शिकवत आल्या होत्या.

राहिली ती चादर. तिच्यासाठी बाई सेवेकरी झाल्या. ज्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटे, त्याच्या चपला त्यांनी सरळ करून ठेवल्या. "तुमची वाणी ऐकली की जिवाला गार वाटतं, गुरुजी," असंही म्हणाल्या, दात न खाता. अखेर टोपल्या वर नेण्याचं काम विश्वासाने त्यांच्याकडे आलं. टोपल्या दोन होत्या, प्रत्येकीत एकाच ढाबळीची कबुतरं. टाकीवाल्या टोपलीच्या कडीला चिंधी बांधलेली. मिटल्या डोळ्यांनीही बोटांना कळावी अशी.

अशात भाचीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. तिच्या काळजाला भोक होतं.

"शुक्रवारी विचारून घेतो," भावोजी म्हणाले.

"ताईच्या वेळचं विसरलात?"

"तेव्हा बाटली पुरी कुठे झाली होती?"

शुक्रवारी जिना चढताना बाईंनी चिंधी सोडली आणि दुसऱ्या टोपलीला बांधली.

भावोजी मुलीला घेऊन पुढे आले. गुरूंनी चिंधी चाचपली, कबूतर सोडलं. ते चिमणीकडे गेलं. 'शस्त्र वर्ज्य' म्हणायला उघडलेलं गुरूंचं तोंड तसंच राहिलं.

"होकार आहे," बाई मागून म्हणाल्या. "ऑपरेशन करा."

भावोजींनी हात जोडले. शहाण्या माणसाने इथेच थांबावं. पण कबुतराच्या होकाराने आज वाचलेली पोर उद्या कबुतराच्या नकाराने जाईल, हे बाईंना दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर, पोर वाचल्याने त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना गुरूंना उघडं पाडायचं होतं.

"माझाही एक प्रश्न," त्या पुढे आल्या. "गुरुजी, तुम्ही खरं बोलता का?"

लोक हसले. गुरूही हसले, आणि बिनचिंधीच्या टोपलीत हात घातला. कबूतर सरळ टाकीकडे गेलं.

हसू थांबलं.

"प्रश्नच अपवित्र होता," गुरू म्हणाले.

"मग पवित्र करून घेऊ," म्हणत बाईंनी चादर ओढली आणि दोन्ही टोपल्यांची झाकणं उघडली. एक थवा चिमणीकडे गेला, एक टाकीकडे.

"हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं?" बाईंनी विचारलं. प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी ढाबळी सांगितल्या, दुकान सांगितलं. बँकेतले साहेब अजून चाचरत होते. "पण हाताला कुठलं कबूतर लागतं, ते तर वरून ठरत असेल?"

"टेबलाखालून ठरतं, साहेब. ही चिंधी बघा. आज मीच तिची जागा बदलली, तर आकाशाचंही मत बदललं." त्या गर्दीकडे वळल्या. "पक्ष्याला स्वतःचं घर कळतं, तुमचं दुखणं कळत नाही. उडालेल्या कबुतरावरून नजर काढू नका. ते कुठे उतरतं ते बघा, आणि तिथे दुकान कुणाचं आहे ते विचारा. डॉक्टरांनाही हवं तितकं खोदून विचारा. ते निदान तोंडाने उत्तर देतात."

गुरू चपला शोधू लागले. आज त्या कुणी सरळ करून ठेवल्या नव्हत्या. बाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"माझ्या ताईचं कबूतर कुठल्या टोपलीतलं होतं?"

हा प्रश्न त्यांनी वर्षभर मनात घोटला होता. गुरू पांढरेफटक पडतील, पाय धरतील, असं सगळं योजून ठेवलं होतं. गुरूंनी खरोखर आठवून पाहिलं.

"कोण ताई?" ते म्हणाले.

भावोजी बाह्या सारत पुढे झाले. बाईंनी त्यांना अडवलं.

"हात लावायचा नाही. पोलिसांना मी आधीच कळवलंय, ते वाटेत आहेत. तोवर रांग लावा. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याने पुढे यायचं, नाव सांगायचं, आणि गुरुजींनी डोळे उघडे ठेवून टोपली सांगायची."

रांग लागली, जिन्यापर्यंत गेली. पुढे भावोजी होते. त्यांनी बायकोचं नाव सांगितलं.

"चिंधीची," गुरू म्हणाले.

अपेंडिक्सचं ऑपरेशन बाजारापलीकडच्या दवाखान्यात रोज होतं. पेशंट बहुतेक तिसऱ्या दिवशी घरी जातो.