गोदूचं गाऱ्हाणं

आमच्या आगरदांड्याला गावदेवीच्या जत्रेत प्रत्येक घर नारळ देतं, आन देवळातला पुजारी येसाजी आजा त्या घराचं गाऱ्हाणं देवीला मोठ्यानं सांगतो. यंदा मी नारळ द्यायचा न्हाय असं ठरवलंवतं. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त, त्यात होडीचं मशीन दोनदा बंद पडलेलं. बायकोला, गोदूला म्हटलं, "देवीला आपलं घर माहीत तरी हाय का गो?" ती भांडी घासत राहिली.

जत्रेला मी नुसता बघायला गेलो, तर रांगेत गोदू उभी, हातात नारळ. मी खांबामागं सरलो.

आजानं विचारलं, "काय मागू गो सूनबाई? मशीन का मासळी?"

"मागायचं काय न्हाय. आमचे हे रोज दर्यातून घरी परत येतात. ते तिच्यामुळं, एवढंच सांगा तिला."

मी तसाच खांबाला धरून उभा राहिलो. रोज घरी आलो की मी आधी टोपली आपटायचो, मग देवीला मोठमोठ्यानं शिव्या. गोदू गुपचूप चहा ठेवायची. मी जिवंत परत आलोय, हे माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाय.

पुढं जाऊन म्हटलं, "आजा, माझी चूक झाली म्हणून सांग देवीला."

"ती तुझी तू सांग. शिव्या देताना मला बोलवतोस काय?"

मी गोदूच्या मागं उभा राहून हात जोडले. गोदूनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. फक्त जराशी बाजूला सरली आन देवीपुढं माझ्यापुरती जागा केली.