चारच्या रेघेवरची गोळी

बाई कपडे वाळत घालून आत आल्या आणि आधी ऑक्सिजनच्या यंत्राकडे वळल्या. त्याच्या काचेच्या नळीतली गोळी पुन्हा चारच्या रेघेवर तरंगत होती. डॉक्टरांनी ती एकवरच ठेवायला सांगितली होती. एकच्या शेजारी बाईंनी स्वतः लाल पट्टी चिकटवली होती.

“अक्का, पुन्हा बटण फिरवलंत?”

“फिरवलं,” नणंद म्हणाली. “भावाला धाप लागलेली मला बघवत नाही. तुझं काळीज दगडाचं असेल. आणि हवेत कसली गं एवढी काटकसर? बघ, कालपासून कसा गाढ झोपतोय. गालांवर लाली आलीये.”

त्या लालीचीच बाईंना धास्ती होती. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी पोरांना नळीने चुन्याच्या निवळीत फुंकायला लावायच्या, आणि निवळी दुधासारखी झाली की पोरं ओरडायची, “बाई, माझी आधी झाली!” मग त्या सांगायच्या: अंगात कणाकणाने अन्न जळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, रक्त तो छातीपर्यंत वाहून आणतं, फुप्फुसं बाहेर टाकतात. सातवीतल्या ढ पोरालाही एवढं कळायचं. घरात मात्र एका माणसाला कळत नव्हतं.

“चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत नाकातोंडाने भुसा ओढलाय त्यांनी. त्यांच्या छातीला तो वायू पुरता बाहेर टाकता येत नाही. वरून ऑक्सिजन जास्त दिला, की तो वायू रक्तात आणखी साठतो. ही झोप नाही अक्का, गुंगी आहे.”

“झाला मास्तरीणबाईंचा तास सुरू! जास्त हवा मिळून कुणी मेलंय का कधी?”

पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी गोळी एकवर आणली आणि नवऱ्याला हलवलं. डोळे किलकिले झाले, पुन्हा मिटले. हात ऊन लागत होते.

“अहो, उठा. हात पुढे धरा बघू!” त्या वर्गात दरडावायच्या तशा दरडावल्या.

हात कसेबसे वर आले आणि पंजे पंखांसारखे फडफडले. वायू डोक्यापर्यंत चढल्याची खूण होती ती. बाईंनी तडक फोन उचलला.

दवाखान्यात मनगटातून रक्त काढून तपासलं. कार्बन डायऑक्साइड जवळजवळ दुप्पट झाला होता. घट्ट मुखवटा बांधून एक यंत्र त्यांच्या श्वासाला जोर देत राहिलं. संध्याकाळी ते शुद्धीवर आले.

“तुमचं भांडण ऐकू येत होतं मला,” ते पुटपुटले. “मधे पडायला उठवत नव्हतं.”

डॉक्टरांनी अक्कांना समोर बसवून सगळं समजावलं. अक्कांनी डोळे पुसले, मान डोलावली. बाईंना वाटलं, चला, सुटलो.

पाचव्या दिवशी ते घरी आले. जिना चढून खुर्चीत टेकले, आणि धाप लागली. अक्कांचा हात यंत्राकडे गेलाच.

“फक्त दोन गं. जिना चढलाय तो.”

 बाईंनी एक स्टूल ओढलं, यंत्र आणि नणंद यांच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं.

“नाकाने घ्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आता ओठ आवळा. नळीत फुंकल्यासारखा, सावकाश सोडा. पुन्हा.”

त्यांनी फुंकलं. बाईंनी वळून पाहिलं. मागे अक्काही ओठांचा चंबू करून, भावाबरोबर जिवाच्या आकांताने फुंकत होत्या. नजर मात्र अजून गोळीवरच.