न्युमिडियन घोड्यांचा रंग

कार्थेजची फौज जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसली, त्या दिवसापासून आप्पांच्या घरात ताट मांडीवर घेऊन जेवणं आलं. भालाईत, गोफणवाले, उत्तर आफ्रिकेतले न्युमिडियन स्वार आणि मधोमध हत्ती. एकेक सैनिक बोटाच्या पेराएवढा, धातूचा, आणि त्यांच्या दसपट जागा अडवणाऱ्या रंगाच्या वाट्या, ब्रश, डिंक, चिंध्या. "अहो, यांची लढाई कधी आहे ते तरी सांगा, म्हणजे टेबलक्लॉथ धुवायला टाकते," असं बायकोने सुरुवातीला म्हणून पाहिलं. मग तिने नाद सोडला.

आप्पा औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून म्हातारे झालेले गृहस्थ. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर शेजाऱ्यांची भांडणं सोडवतात. आप्पा इतिहासातल्या लढाया टेबलावर पुन्हा लढत. मोजपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि दोन हजार वर्षांपूर्वी हरलेल्याला जिंकायची आणखी एक संधी द्यायची. यंदा तर नुसती लढाई नव्हती, अख्खी मोहीम होती. भिंतीएवढा नकाशा, दर रविवारी एक चाल, आणि फौजा जिथे समोरासमोर येतील तिथे झुंज. कार्थेज आप्पांकडे आलं होतं. हत्ती आपल्या वाट्याला आले या आनंदात त्यांना धड झोप लागत नव्हती आणि ते बायकोलाही झोपू देत नव्हते.

समोर रोम घेऊन बसणार होते पुरावेकर. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. कोर्टात कारकुनी करून करून त्यांना अशी सवय जडली होती की कोणी "आज उकडतंय" म्हटलं, तरी ते "पुरावा काय?" विचारत. पटावरही तेच. मागे एकदा आप्पांनी न्युमिडियन घोड्यांना सुरेख लगाम रंगवले होते. पुरावेकरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे लोक लगाम वापरत नसत. खरवड." आप्पा तीन दिवस बोलले नाहीत, चौथ्या दिवशी खरवडायला बसले. त्यांची दोस्ती या खरवडण्यावर पोसलेली होती. पुरावेकरांनी खोट काढायची, आप्पांनी चिडायचं, आणि पुढची फौज अशी करायची की त्याला बोलायला जागाच राहू नये. ती जागा पुरावेकरांना दर वेळी सापडे.

आपली फौज आपणच रंगवायची, हा दोघांचा शिरस्ता. त्यात आप्पांचा एक तोरा होता: ते बाटलीतला रंग जसाच्या तसा कधी लावत नसत. उभं आयुष्य मलमं खलण्यात गेलेलं, त्यामुळे रंगही ते वाटीत स्वतः खलत, नजरेने. यंदा बाजारातले रंग मात्र अगदीच भिकार निघाले. पांढरा पिवळट, तपकिरी तांबूस, हत्तीचा राखाडी तर चक्क मातकट. "भेसळ, दुसरं काय," म्हणून आप्पा त्यात निळा टाकत, पुन्हा टाकत, मनासारखा रंग होईपर्यंत टाकत राहत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय असं केव्हाच सांगून ठेवलं होतं. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "आधी हत्ती, मग डोळे."

फौज पुरी झाली त्या संध्याकाळी त्यांनी पुरावेकरांना बोलावून घेतलं. पुरावेकर आले, खिशातून भिंग काढलं आणि टेबलाजवळ थबकले. एक घोडा उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. पुरावेकरांनी घोडा जागच्या जागी ठेवला, भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, "झकास. काहीच बोलण्यासारखं नाही."

चहाही न घेता ते गेले. आप्पांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. "ऐकलंस? पुरावेकर मूग गिळून गेला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची बोलती बंद केली मी." त्या खुशीतच त्यांनी ऑपरेशनला होकार दिला. आधी डावा डोळा, महिना-दीड महिन्याने उजवा. मोहिमेचा पहिला रविवार मध्येच येत होता, पण फौज तयार असल्यावर कसली काळजी.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आप्पा लहान मूल होऊन घरी आले. रस्त्यावरच्या पाट्या वाचत आले. बायकोच्या ओढणीवर बारीक फुलं आहेत, हा शोध त्यांना रिक्षात लागला. "ही नवी का गं?" असं विचारून त्यांनी चार वर्षांच्या ओढणीवरून बोलणी खाल्ली, तरी हसत होते. भिंत पांढरी होती. पांढरी म्हणजे अगदी पांढरी! त्यांनी चपला कशाबशा काढल्या आणि थेट टेबल गाठलं. आता या डोळ्याने आपली फौज बघायची होती.

टेबलावर जांभळे घोडे उभे होते.

न्युमिडियन स्वारांचे पांढरेशुभ्र अंगरखे आकाशी होते. भालाइतांचे चेहरे थंडीने काकडल्यासारखे, आणि हत्ती इतके निळे की धोब्याने नीळ जास्त घातली असावी. आप्पांनी डोळ्यावरचा काळा चष्मा काढून पुन्हा पाहिलं. घोडे जांभळेच राहिले. भेसळ रंगात नव्हती, पिकलेल्या डोळ्यात होती. जगावरचा तो पिवळटपणा मारायला त्यांनी वाटीमागून वाटी निळा ओतला होता.

"हे… हे असंच होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कसं?"

"घोडे. जांभळे!"

"हो की," बायको म्हणाली. "मला वाटलं तुमच्या इतिहासात तसंच असेल. माणसं हत्तीवर बसून लढायला जातात म्हटल्यावर घोडा जांभळा असला तर मी कशाला तोंड घालू?"

आप्पा खुर्चीत बसले. घोड्यांचं त्यांना एवढं वाटलं नाही. रंग काय, पुन्हा देता येतो. त्यांना आठवला तो खिडकीपाशी उभा राहिलेला पुरावेकर. त्याने पाहिलं होतं. घोडा उलटासुलटा करून बघितला होता, आणि "झकास" म्हणाला होता. तो स्वर आता कुठे त्यांच्या कानात नीट शिरला. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. दुकानात कोणी वाईट आजाराची चिठ्ठी घेऊन आलं, की गोळ्या मोजून देताना ते स्वतः याच स्वरात म्हणत, "काही नाही हो, वाटेल बरं."

"त्याने माझी कीव केली," आप्पा म्हणाले. "ज्याची खोट काढायची नाही, तो कसला शत्रू? तो पेशंट."

"भावजींनी चांगल्या मनानेच केलं असेल."

"चांगलं मन घरी ठेवायचं! पटावर नाही." आवाज चढला तसा डोळा चुरचुरला आणि बायको थेंबांची बाटली घेऊन धावली.

त्यांचा निश्चय झाला. रविवारच्या आत सगळी फौज पुन्हा रंगवायची, पुरावेकराला कानोकान खबर लागू द्यायची नाही, आणि त्याच्या तोंडून एक तरी खणखणीत दोष काढून घ्यायचा. नाहीतर ही मोहीम म्हणजे म्हाताऱ्या मित्राला खेळवणं होऊन बसेल, आणि तसं खेळण्यापेक्षा आप्पा बागकामही करायला तयार होते.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी देईपर्यंत बायकोने ब्रश कपाटात कुलूप लावून ठेवले. आप्पा टेबलाभोवती पिंजऱ्यातल्यासारखे फिरत, मनातल्या मनात घोडे रंगवत. परवानगी मिळाली त्या सकाळी त्यांनी आंघोळीलाही वेळ दिला नाही. आणि मग जी धमाल उडाली ती काय सांगावी! तपकिरी रंग त्यांनी बाटलीतून काढला, ब्रशवर घेतला आणि तसाच लावला, काही न मिसळता. घोड्याच्या पाठीवरून जांभळा मावळला आणि खाली खरंखुरं जनावर आलं. आप्पा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले. "बघ, बघ, हा घोडा आहे! घाम येईल याला!" अंगरख्यांवर पांढऱ्याचा पातळ हात, घड्यांत जरासा करडा. ब्रश जवळजवळ कोरडा करून चिलखतावरून नुसता फिरवला, की कडा उजळून निघत, आणि दर वेळी आप्पांच्या तोंडून आपोआप "वा" निघे. एवढे रंग जगात होते आणि आपण एवढी वर्षं चहाच्या रंगाच्या उजेडात बसलो होतो, याचं दुःख करायलाही त्यांना सवड नव्हती.

बायको आधी वरातीमागून घोडे म्हणून चिडवायची. मग कधी तरी केस वाळवायचं यंत्र घेऊन तीच ओल्या फौजेवर वारा घालायला बसली. "हत्तीच्या कानांना आतून गुलाबी नसतं का हो?" तिने विचारलं. आप्पांनी ब्रश थांबवला, तिच्याकडे बघितलं आणि सगळ्या हत्तींचे कान गुलाबी केले. शेवटच्या दिवशी हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं अक्षरशः एकच शेपूट राहिलं होतं. ते तिने रंगवलं. शिरस्ता मोडला, पण शेपटापुरता.

रविवारी दोघं चपलांच्या खोक्यांत फौज घेऊन पुरावेकरांच्या माडीवर चढले. खोलीभर मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या कागदाची नदी. पलीकडच्या काठावर पुरावेकरांची फौज चादरीखाली झाकलेली. ते स्वतः नवा शर्ट घालून उभे, आणि कधी नव्हे ते हसरे.

"डोळा काय म्हणतो?"

"बरा आहे," आप्पा तुटकपणे म्हणाले आणि खोकी उघडायला लागले.

नदीच्या काठाने तपकिरी घोडे उभे राहिले. पांढरे अंगरखे, करडे हत्ती, गुलाबी कान. त्यांनी शेवटचा गोफणवाला ठेवला आणि मान वर केली. आता काढ खोट. काढच.

पुरावेकरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते भिंग काढायचंही विसरले होते. "तू… पुन्हा रंगवलीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून मी आंधळा राहीन असं वाटलं होतं का? काढ ती चादर. लढायचंय."

"आज नको," पुरावेकर म्हणाले. "आज नुसता नकाशा बघू. माझं थोडं काम राहिलंय."

आप्पांना वाटलं, अजून कीव चालली आहे. त्यांनी टेबलाला वळसा घातला आणि चादर ओढली.

रोमची फौज ओळीने उभी होती. अंगरखे आकाशी. चेहरे काकडलेले. आणि दोन्ही बाजूंना स्वार, जांभळ्या घोड्यांवर. साधासुधा जांभळा नव्हे. आप्पांच्या वाटीत झाला होता तोच, तपकिरीतून उगवलेला. तसा रंग कुठल्या बाटलीत मिळत नाही. तो जमायला किती वाट्या वाया घालवाव्या लागल्या असतील, हे त्या खोलीत एका आप्पांनाच कळत होतं. आणि हे कोणी केलं होतं, तर लगामाच्या एका रेघेसाठी मित्राला खरवडायला लावणाऱ्या माणसाने.

"भावजी," बायको हळूच म्हणाली, "तुमचंही ऑपरेशन राहिलंय का?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत, वहिनी." पुरावेकर नदीकडे बघत बोलत होते. "माझी फौज बरोबर रंगवली असती, तर समोर याची चुकलेली दिसली असती. नव्या डोळ्याने पाहिल्यावर आपली एकट्याचीच चुकली असं याला वाटलं असतं; इतक्यात पुन्हा रंगवायला बसेल, हे मला कुठे ठाऊक. एका पटावर दोन तऱ्हेचा उजेड बरा दिसत नाही, एवढंच." मग एकदम त्यांना आपला जुना आवाज सापडला. त्यांनी भिंग काढलं आणि आप्पांच्या घोड्यांवर वाकले. "आणि हे काय? इतके तुकतुकीत घोडे? डोंगर ओलांडून उपाशीतापाशी आलेली जनावरं ही! यांना खरारा करायला नोकर ठेवले होते का? पुरावा काय? आणि हत्तीच्या कानात गुलाबी कोणी सांगितलं?"

"मी," बायको म्हणाली.

आप्पांना उत्तर द्यायचं होतं. गेले कित्येक दिवस ते याच प्रश्नासाठी झुरत होते. पण त्यांनी आपला नवा, डावा डोळा हाताने झाकून घेतला आणि उरलेल्या जुन्या डोळ्याने रोमच्या फौजेकडे पाहिलं. अंगरखे पांढरेशुभ्र होते. घोडे तपकिरी, खरेखुरे, घाम येईल असे. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघत गेले.

"पुरावेकर," ते म्हणाले, "एकही रंग चुकलेला नाही रे."

पुरावेकरांनी मान फिरवली आणि ते फासे शोधायला लागले. टेबलाखाली पाहिलं, टेकडीमागे पाहिलं, खिडकीत पाहिलं. फासे त्यांच्या मुठीतच होते.