सकाळचा खेळ

त्र्यंबकची बायको सरोज जाऊन तीन महिने झाले, तरी त्याच्या नौपाड्यातल्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. दहा वर्षांची शुभदा शाळेतून आली की पावलं न वाजवता आत यायची. सरोजचे वडील भाऊ नातीसाठी कल्याणचं घर बंद करून इथंच राहायला आले होते. तेही दिवसभर खिडकीशी बसून असत.

एका रविवारी त्र्यंबक म्हणाला, "कचेरीत थोडं काम राहिलंय, जाऊन येतो."

काम काही नव्हतं. घर त्याला खायला उठत होतं. स्टेशनजवळच्या थेटरात सकाळच्या खेळाला फ्रेंच चित्रपट लागला होता, तिथं तो अंधारात जाऊन बसला.

पडद्यावर बायको गेलेला एक बाप होता आणि त्याच्या दोन मुली. भाषा कळत नव्हती, पण अडतही नव्हतं. बापानं इस्त्री करताना शर्टाची पाठ जाळली आणि वर कोट चढवून ऐटीत ऑफिसात गेला. तिथं उकाड्यानं सगळ्यांनी कोट काढले. हा आपला घामाघूम होऊन तसाच बसलेला!

त्र्यंबकला हसू फुटलं. मागच्याच आठवड्यात त्यानंही एक सदरा असाच जाळला होता. तो पोट धरून हसला. तेवढ्यात मागून ओळखीचं हसणं ऐकू आलं. शेवटी श्वास आत ओढत थांबणारं. सरोज अशीच हसायची.

मध्यंतराचे दिवे लागले. मागच्या रांगेत भाऊ होते.

दोघांनाही तोंड कुठं लपवावं कळेना.

"मी... देवळात जातो म्हणून निघालो," भाऊ पुटपुटले.

"आणि शुभदा?"

"शेजारी मालनवहिनींकडे आहे. मला वाटलं, तुम्ही परताल एवढ्यात."

उरलेला सिनेमा न बघता दोघं बाहेर पडले आणि एकमेकांकडे न बघता घरी आले. शुभदानं शेजारून येऊन पानं घेतली होती.

"झालं काम, अप्पा?"

खोटं ओठांवर आलं होतं, पण तिच्याकडे बघून ते बोलवेना. "काम नव्हतं गं. आम्ही दोघं सिनेमाला गेलेलो."

"मला न नेता?"

 जेवता जेवता त्र्यंबकनं तिला कोटाची गोष्ट सांगितली. शुभदा खळखळून हसली आणि एकदम गप्प झाली.

"चुकले, अप्पा."

"काय चुकलं?"

"हसले ना."

तिला तसं कुणी बजावलं नव्हतं. तीन महिने घरातल्या दोन मोठ्या माणसांकडे बघून ती शिकली होती. आणि ती माणसं हसायला चोरून थेटरात गेली होती. 

"चुकलं आमचं," त्र्यंबक म्हणाला. "तू हस."

ती लगेच हसली नाही. भात चिवडत तिनं विचारलं, "शेवटी काय झालं त्या बाबांचं?"

त्र्यंबकनं भाऊंकडे पाहिलं.

"आम्ही अर्ध्यातनंच उठलो," भाऊ म्हणाले.

"का?"

"लाज वाटली, बाळ."

"कुणाची?"

 त्र्यंबक उठून तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "तुझी."